दुपट्टा-टोपी

वरवट बकाल,
दि. १२ मार्च १९६७

प्रिय इंद्रभान,

हे तिसरं पत्र. आधीची दोन तुला मिळाली असं धरून चालतो. नागपूरच्या तार-ऑफिसात बसणाऱ्या माणसाचंच टपाल हरवायला लागलं तर आम्ही खेड्यातल्यांनी काय करायचं? उत्तर दिलं नाहीस, ठीक आहे. खामगावला खोलीवर असतानाही तू असाच रुसायचास. चार चार दिवस तोंड फिरवून बसायचास आणि मग एका सकाळी न बोलता माझ्या पुढ्यात चहाचा कप सरकवायचास. यंदा दोन महिने झाले, चहा काही येत नाही.

इकडे सगळं ठीक. कपाशी उपटून झाली, गहू खळ्यात आहे. रामराव ती जावा मोटारसायकल घेऊन अजून गावभर भाव खात फिरतो. परवा मला म्हणाला, "इंद्रभान काऊन येत नाई बे आता?" मी म्हटलं, बदली झाली त्याची बुलढाण्याहून. हे तर खोटं नाही.

जानेवारीतला तो रविवार मला सारखा आठवतो. रामरावची जावा पुढे, आणि भावजींकडून मागून आणलेली राजदूत मी चालवतोय, मागे तू. टुनकी मागे पडल्यावर सातपुडा एकदम जवळ आला, तेव्हा तू मागून काहीतरी गात होतास. वाऱ्यामुळे मला त्यातलं अर्धंच ऐकू येत होतं, तरी मी मान हलवत होतो. लाकडाच्या गाड्यांच्या चाकोरीतून गाड्या चढवताना दोनदा तुला उतरून ढकलावं लागलं. आणि मग ते टोक. खाली पार पूर्णेपर्यंतचा मुलूख पसरलेला. रामरावनं बोट करून "ते पाहा माहं वावर" म्हटलं, ते कोणाचं होतं देव जाणे. इतक्या चांगल्या दिवसाचा शेवट तसा व्हायला नको होता. तू टोकावरून न बोलता निघून गेलास, ते मला लागलं.

आता कामाचं लिहितो. आशामावशी, जिच्याकडे आपण त्या दिवशी वाटेत जेवलो, ती आठवड्यातून एकदा तरी तुझा विषय काढते. मावसा गेल्यापासून ती आणि कोकिळा दोघीच त्या घरात असतात हे तू पाहिलंस. कोकिळा एकविसाची झाली, मावशीला तिच्या लग्नाची घाई आहे. आणि मावशीनं कोकिळासाठी तुला मनात धरलंय. मी थट्टा करत नाही. "आपल्यातलाच आहे" असं मी तिला त्या दिवशी सांगितलं होतं, तेवढं तिनं गाठीला बांधून ठेवलं.

तर एक कर. मला एक कार्ड टाक. त्यात लिही की तुझं लग्न ठरलं, मुलगी नागपूरकडची आहे, एवढंच. मी ते मावशीला वाचून दाखवीन. ती चार दिवस हळहळेल आणि दुसरं स्थळ बघेल. तुझं त्यात काही जात नाही.

तुझ्या आईला, जनकामायला, माझा नमस्कार लिही.

तुझा,
दयाराम


वरवट बकाल,
दि. २ एप्रिल १९६७

इंद्रभान,

तुझं उत्तर आलं. उत्तर म्हणायचं तर. माझंच पत्र तू मला परत पाठवलंस आणि पाठीमागे एक ओळ लिहिलीस: "त्या दिवशी काय झालं ते आधी तुझ्या हातानं लिही." शाळेत मास्तर फळ्यावर लिहायला उभं करायचे तसं मला उभं केलंस. मी पत्र तीन दिवस गादीखाली ठेवलं. आज लिहितो.

आपण साडेदहाला मावशीकडे पोचलो. येणार म्हणून मी आधी निरोप दिला होता, कोण येणार ते सांगितलं नव्हतं. रामरावला ती ओळखत होती. तुझ्याकडे बघून म्हणाली, "अन् हे पाहुणे?" तू नाव सांगितलंस, गाव देऊळघाट सांगितलंस. मग तिनं विचारलं, "कोणाचे?" आपल्याकडे हा प्रश्न कशासाठी विचारतात ते तुलाही माहीत आणि मलाही. तू तोंड उघडलंस. तू बोलायच्या आधी मी म्हटलं, "आपल्यातलेच हाये मावशी. सोयरेच समज."

रामराव खाली बसून जावाचं चाक तपासायला लागला. तू माझ्याकडे पाहिलंस. मावशी म्हणाली, "मंग बाहेर काऊन उभे? आत या, पाय धुवा." आणि तू आत आलास.

पुढचं मला नीट आठवतं. भाकरी, भरली वांगी, संक्रांतीच्या उरलेल्या तीळपोळ्या. मावशी तुझ्यासमोर बसून आग्रह करत होती आणि तू फार थोडं खात होतास. तिनं आईचं नाव विचारलं, तू सांगितलंस. शेती किती विचारलं, तू म्हणालास, "दोन एकर, तेबी कोरडवाहू." हे तिला इतकं आवडलं की अजून सांगते. आमच्याकडचे स्थळवाले दोनाचे वीस सांगतात. तुला जे जे विचारलं त्याचं तू खरंच उत्तर दिलंस. खोटं होतं ते एवढं एकच आणि ते माझं होतं.

कोकिळा वाढायला होती. तिनं विचारलं की तारेच्या टिकटिकीतून अक्षरं कशी ओळखू येतात. तू बोटानं जमिनीवर टकटक करून तिचं नाव वाजवून दाखवलंस. तिनं पुन्हा वाजवायला सांगितलं.

निघताना मावशीनं आतून दुपट्टा आणि टोपी आणली. पहिल्यांदा घरी आलेल्या सोयऱ्याला ती देतेच, त्यात विशेष काही नव्हतं. तुझ्या कपाळाला कुंकू लावलं, टोपी डोक्यावर ठेवली, दुपट्टा खांद्यावर घातला. तू मान खाली घालून उभा होतास. मी गाडीला किक मारत होतो.

टोकावर पोचल्यावर तू टोपी काढलीस. "काऊन खोटं बोलला बे?" म्हणालास. मी म्हटलं, तुझ्यासाठीच बोललो. खरंच तुझ्यासाठी बोललो रे. मावशीच्या ओसरीवरच्या कोनाड्यात एक कानतुटका कप असतो. तो कोणासाठी असतो ते मी लहानपणापासून पाहतो आहे. तो तुझ्या हातात मला बघवला नसता. तू म्हणालास, "मले बाहेर बसवलं असतं तर मी बसलो असतो का उठून गेलो असतो, ते मी ठरवलं असतं. तू कोण ठरवणारा?" रामराव म्हणाला, "जाऊ दे ना बे, जेवण तर चांगलं झालं." तो वेळेवर गप्प बसेल तर रामराव कसला.

मग तू म्हणालास मी चालत जातो. मी पुष्कळ समजावलं, तू ऐकलं नाहीस.

झालं. लिहिलं सगळं. तुझ्या घरी मी किती वेळा जेवलो, जनकामायनं मला वाढताना कधी काही विचारलं नाही, हे मी विसरलेलो नाही. आता ते कार्ड टाक.

दयाराम


वरवट बकाल,
दि. ७ मे १९६७

इंद्रभान,

महिना झाला, कार्ड नाही. तुला गंमत वाटत असेल, इथे माझ्या गळ्याशी आलंय.

जळगाव-जामोदचं एक चांगलं स्थळ मावशीनं परत पाठवलं. मुलगा शिकलेला, घरची विहीर, गोडं पाणी. आमच्या खारपट्ट्यात गोड्या पाण्याच्या घरी मुलगी देणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. मावशी पाहुण्यांना म्हणाली, आमचं एका ठिकाणी मनात आहे. तिथे मीही बसलो होतो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण ते ठिकाण माझा दोस्त आहे हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालंय. मी पान लावत बसलो. मला पान लावता येत नाही.

मी तिला काय काय सांगत नाही. तुला सुट्टी नाही. तुझी परीक्षा आहे. तुझ्या घरी यंदा कार्य करत नाहीत. प्रत्येक वेळी घरी येताना वाटतं, आज सुटलो. दोन दिवसांनी तिचा निरोप येतो आणि आधी काय सांगितलं होतं ते आठवत मी सायकल काढतो. न गेलो तर ती इकडे येते आणि माझ्या आईला सांगत बसते. आता तिनं नवं काढलंय. दोघी बहिणी एस. टी.नं देऊळघाटला जाणार, घर बघायला. मी म्हटलं ऊन फार आहे. मग म्हटलं मला ताप आहे. तो खरा वाटावा म्हणून तीन दिवस गोधडी पांघरून पडून राहिलो. मे महिन्यात गोधडी पांघरून बघ कधी. आईनं मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या.

मावशीला मी म्हटलं, त्याचा होकार कुठे आहे? तर म्हणाली, "दुपट्टा-टोपी घेतली ना त्यानं? ज्याले सोयरीक नाई करायची तो घेत नसते." ती दुपट्टा-टोपी माझ्या ट्रंकेत आहे, जुन्या वह्यांच्या खाली. तू टोकावर राजदूतच्या सीटवर घडी घालून ठेवली होतीस. परत द्यायची म्हणून. मी दिली नाही. काय म्हणून देणार होतो?

रामरावकडे गेलो होतो. त्याला म्हटलं, तू सांग मावशीला, तुझं तोंड चालतं. तो म्हणाला, "तुयं तू निस्तर. मी तर चाक पाहून राह्यलो होतो." हसला नाही. मला वाटलं होतं हसेल.

काल कोकिळानं मला मागच्या अंगणात गाठलं. म्हणाली, "दयाभाऊ, खरं काय हाये ते मले सांगा. आई मले अशीच बसवून ठेवून राह्यली." मी म्हटलं, खरं काय असायचं, त्याला वेळ नाही. ती बादली उचलून आत गेली. तिच्या वयाच्या मुलींची लेकरं आता चालायला लागलीत. मी एक वाक्य बोललो तर ती मोकळी होईल आणि ते वाक्य माझ्या तोंडातून निघत नाही. मावशी मला तिच्या घरातून हाकलेल, आई महिनाभर रडेल, गाव म्हणेल यानं मावशीचं स्वयंपाकघर बाटवलं. हे शब्द त्यांचे आहेत, माझे नाहीत. पण ऐकून घ्यावे मलाच लागतील.

मी अडकलो आहे, इंद्रभान. तुझ्या दोन ओळींनी सुटेन. लग्न ठरलं, एवढं लिहायला तुला काय जड आहे?

दयाराम


वरवट बकाल,
दि. १८ जून १९६७

इंद्रभान,

तू मावशीला कार्ड टाकलंस. मला नाही, थेट तिला.

मला हे ४ जूनला कळलं. मी गेलो तर मावशी ओसरीवर डोक्याला हात लावून बसलेली. मला बघताच म्हणाली, "तुया दोस्तानं लगन केलं. कार्ड आलं त्याचं." माझ्या अंगातून सगळी हवाच निघून गेली. वाटलं, शेवटी इंद्रभाननं माझं ऐकलं. मी तुझ्यावर इतका खूश झालो की मावशीच्या समोर मला वाईट चेहरा करता येईना.

पाणी प्यायला आत गेलो तेव्हा कोकिळानं चुलीमागच्या डब्यातून कार्ड काढून माझ्या हातात दिलं. तुझं अक्षर. तू काय लिहिलंस ते तुला माहीत आहे, तरी मी इथे उतरवतो, कारण ते मला आता पाठ झालंय.

"श्रीमती आशाबाई यांना सप्रेम जय भीम. जानेवारीत मी आपल्या घरी जेवलो. मी बौद्ध आहे. दयारामनं आपल्याला वेगळं सांगितलं तेव्हा मी गप्प बसलो, ती माझी चूक झाली. आपण दिलेली दुपट्टा-टोपी परत करण्यासाठी मी त्याच दिवशी त्याच्याजवळ दिली होती, ती पोचली असेल. आपण प्रेमानं वाढलंत, ते विसरणार नाही. इंद्रभान."

मावशीला वाचता येत नाही. पोस्टमननं कार्ड कोकिळाच्या हातात दिलं आणि मावशी म्हणाली वाच. कोकिळानं वाचलं की तुझं लग्न झालं. मी तिला विचारलं, असं का केलंस? ती म्हणाली, "आईच्या तोंडून त्याईले शिव्या नाई ऐकवणार मले."

म्हणजे मला हवं होतं ते झालं. तुझ्या मदतीशिवाय झालं. मी त्या रात्री पोटभर जेवलो. दुसऱ्या दिवशीही जेवलो. आठ दिवसांनी पुन्हा मावशीकडे गेलो तर ती शेजारणीला सांगत होती की देऊळघाटच्या त्या पोरानं दुपट्टा-टोपी घेतली, आमच्या पोरीला आशेवर ठेवलं आणि गुपचूप दुसरीकडे लगन लावलं, असल्या दगाबाजाचं वाटोळं होईल. मग हेच माझ्या आईला सांगितलं. आता तिच्या सगळ्या सोयऱ्यांमध्ये तुझं नाव आहे. कोकिळानं ज्या शिव्या टाळायला खोटं वाचलं त्या शिव्या मावशी आता रोज देते आणि कोकिळा भाकरी थापत ऐकते. मीही ऐकतो. परवा मावशी मला म्हणाली, "तू तरी कसा रे, असा दोस्त केला?" आणि मी म्हटलं, "माणसं वळखू येत नाई मावशी."

हे मी म्हटलं. तुझ्याबद्दल.

एप्रिलच्या पत्रात मी एक गोष्ट तुला खोटी लिहिली. तुलाच खोटी लिहिली, जो तिथे होता. त्यावरून माझी काय गत झालीय ते बघ. मी लिहिलं की तू चालत जातो म्हणालास आणि मी समजावलं. तू तसं म्हणालाच नव्हतास. तू माझ्या गाडीचं हँडल धरून म्हणालास, "चाल, वापस जाऊ. तीन मैल तर हाये. मी सांगतो तिले, तू फक्त संग उभा राह्य." मी म्हटलं पेट्रोल कमी आहे. तू म्हणालास, "मंग गाडी ढकलत नेऊ." तू हँडल सोडून दुपट्ट्याची घडी घालायला लागलास, ती सीटवर ठेवलीस आणि चप्पल अडकली म्हणून खाली वाकलास. मी किक मारली आणि निघालो. मावशीच्या घराच्या बाजूला नाही, दुसऱ्या उतारानं. रामराव पुढे गेला होता. खाली नाल्यापाशी त्यानं मागे पाहिलं आणि म्हणाला, "कोठी गेला तो?" मी म्हटलं, त्याला एस. टी.नं जायचंय. रामरावनं गाडी वळवली होती. मीच म्हटलं, राहू दे, तो रागात आहे. टाकी अर्धी भरलेली होती.

एस. टी. गाठायला नऊ मैल तू चाललास. त्यात तिसऱ्या मैलावर मावशीचं घर लागतं. तिच्या दारावरून तू एकटा कसा गेलास, आत का वळला नाहीस, हे मी कधी तुला विचारलं नाही.

कोकिळानं मला काल सांगितलं, "मी एक बार वाचलं, खोटं वाचलं. आता तुमी वाचा." कार्ड तिनं माझ्या खिशात घातलं. जळगावचं स्थळ पुन्हा विचारणा करतंय, आणि कोकिळानं आईला सांगितलंय की दयाभाऊ आधी काय ते बोलतील, मग मी बोलीन. मावशीला ते काही समजलेलं नाही. मला समजलंय. कार्ड खिशात घेऊन फिरतो आहे.

दयाराम


वरवट बकाल,
दि. ३० जुलै १९६७

इंद्रभान,

गेल्या मंगळवारी मी मावशीला कार्ड वाचून दाखवलं.

त्याच्या आधी सहा वेळा गेलो आणि सहा वेळा परत आलो, हेही लिहून ठेवतो. सातव्या वेळी दुपट्टा-टोपी ट्रंकेतून काढून पिशवीत घातली, म्हणजे पिशवी पाहून ती विचारेलच आणि मला पळता येणार नाही. मावशी ओसरीवर सूप घेऊन मुगाची डाळ पाखडत होती. तिनं विचारलं, पिशवीत काय आहे. मी काढून तिच्यापुढे ठेवलं आणि खिशातलं कार्ड काढून वाचायला लागलो. आवाज इतका बारीक निघाला की ती म्हणाली, जरा मोठ्यानं वाच. म्हणून ते मला दोनदा वाचावं लागलं.

तिचं सूप थांबलं. "म्हंजे कोण?" तिनं विचारलं.

"बौद्ध."

"म्हंजे पह्यलेचे..." म्हणाली आणि ते वाक्य तिनं पुरं केलं नाही. मग म्हणाली, "लगन?"

"नाई झालं."

"तुले हे ठाऊक होतं?"

"हाव."

"रामरावले?"

"त्यालेबी."

ती कोकिळाकडे वळली नाही, पण कोकिळा दारात उभी आहे हे तिला माहीत होतं. म्हणाली, "म्हंजे माह्या घरात माह्याशिवाय समद्याईले ठाऊक होतं." मला वाटलं आता ती ओरडेल. मी त्यासाठी सहा महिने तयारी केली होती, काय उत्तर द्यायचं, कुठे बघायचं. ती ओरडली नाही. उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, आणि ती पितळेची पाच ताटं घेऊन बाहेर आली. तिच्या लग्नातली आहेत ती, काठावर तिच्या वडिलांचं नाव घातलेलं आहे. पाचही तिनं अंगणात मांडली.

"कोणतं?"

मी म्हटलं, "मले नाई आठवत." इतक्या महिन्यांत तिला सांगितलेली ही पहिलीच खरी गोष्ट असेल. तिला ती खोटी वाटली.

"मंग पाचबी फेकू का?" ती म्हणाली. तिचा आवाज तेव्हा फाटला. मला तिचा राग आला, इंद्रभान. तू तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहिलास ते आठवून आला. आणि ती रडायच्या बेतात होती म्हणून तिची कीवही आली. दोन्ही एकदम आलं आणि मी तिथेच उभा राहिलो.

कोकिळा पायऱ्या उतरून अंगणात आली. खाली बसली. पाचही ताटं तिनं उलटी करून पाहिली नाहीत की शोधली नाहीत. सरळ कडेचं एक उचललं आणि म्हणाली, "हे."

मावशी म्हणाली, "तुले कसं ठाऊक व?"

"मी रोज यातच जेवते," कोकिळा म्हणाली. "त्या दिवसापासून."

मावशी मटकन ओसरीच्या कडेवर बसली. तिनं माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी काहीतरी सांगून हे वेगळं करू शकेन. इतके महिने मी तिला काहीतरी सांगतच होतो. आता मी कार्ड परत खिशात ठेवलं. कोकिळा ताट छातीशी धरून उभी होती, आईकडे बघत. मग मावशी उठली, उरलेली चार ताटं एकावर एक ठेवली आणि आत घेऊन गेली. पाचवं तिनं मागितलं नाही. मला जेव म्हणाली नाही आणि जा असंही म्हणाली नाही. मी थोडा वेळ थांबलो आणि निघालो.

तेव्हापासून तिचा निरोप आलेला नाही. जळगावच्या लोकांना अजून उत्तर गेलेलं नाही. आई म्हणते, मावशी घरात कोणाशी बोलत नाही, पण पोरीला वाढते. कोणत्या ताटात वाढते ते आईनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी तुला पत्रांमागून पत्रं लिहिली की मी अडकलो आहे, मला सोडव. त्या घरात कोकिळाही अडकली होती, आणि तिला बाहेर पडायला तू हवा होतास की नको होतास, हे मी एकदाही तिला विचारलं नाही. तुलाही नाही. माझं डोकं फक्त माझ्या सुटकेत होतं. याची मला लाज वाटते.

कोकिळानं तुझ्यासाठी काही निरोप दिलेला नाही. मी मागितलाही नाही. जे पाहिलं ते तुला लिहिलं. वाचून तू काय करायचं, यायचं की नाही यायचं, उत्तर द्यायचं की हे पत्रही परत पाठवायचं, ते तू ठरव.

दयाराम